द्राक्षारसाचा प्याला आणि सीमाभागातील सहश्रम : एक ऐतिहासिक विचार

वेदीवर अर्पण केल्या जाणाऱ्या दोन वस्तूंपैकी भाकरीविषयी आपल्या मराठी मंडळीत पुष्कळ बोलले गेले आहे. भाकरी आपल्या घरची आहे. पेरणी, मळणी, दळण आणि चूल या चार शब्दांत उपदेशकाला लहान मुलांपुढे संपूर्ण पाठ उभा करता येतो. प्याल्यातील द्राक्षारसाची गोष्ट निराळी आहे. तो बाटलीतून येतो, सॅक्रिस्तीच्या कपाटात कुलपाआड राहतो आणि थेंबाथेंबाने वापरला जातो. तो कुठून आला व त्यासाठी कोणाचे हात राबले, हा प्रश्न आपल्या मनात सहसा उद्भवत नाही.

आमच्याही मनात तो उद्भवला नव्हता. काही वर्षांपूर्वी, एका एप्रिल महिन्यात, अथणी तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यातील एका लहान वस्तीवर आम्ही मिस्सासाठी गेलो होतो. प्रवासात आणि उन्हात बाटलीतील वाइन बिघडली होती. बूच काढताच व्हिनेगरचा वास आला. अशा वाइनने ख्रिस्तयाग होऊ शकत नाही, हे वाचकांस ठाऊकच आहे. शब्दविधी करून आम्ही लोकांची क्षमा मागितली. लोक पांगल्यावर तेथील वृद्ध उपदेशक आम्हांस म्हणाले, ‘फादर, समोरच्या मळ्यात सकाळपासून आपलीच माणसं द्राक्षं तोडतायत, आणि आपल्या वेदीवर घोटभर द्राक्षारस नाही.’

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तथापि त्या एका वाक्याने आम्हांस या विषयाच्या इतिहासाकडे वळविले. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचे तीन धागे आम्ही एकत्र आणीत आहोत : आपल्या वेदीवरील द्राक्षारसाचा, या मुलखातील द्राक्षवेलीचा आणि एकमेकांच्या शेतात राबण्याच्या जुन्या चालीचा, जिला पुढे सहकार हे नाव मिळाले.

एक शब्द, दोन भाषा

आरंभ शब्दापासून करणे सोयीचे होईल. मराठी पवित्र शास्त्रात ‘द्राक्षारस’ हा शब्द रूढ आहे. व्युत्पत्तीने पाहता त्याचा अर्थ केवळ द्राक्षाचा रस. तो आंबलेला की ताजा, हे शब्द सांगत नाही. संदर्भावरून मात्र काना येथील लग्नात संपलेला आणि शेवटल्या भोजनाच्या वेळी प्याल्यात असलेला तो आंबवलेला द्राक्षारसच होता, याविषयी अभ्यासकांत फारशी शंका नाही. मराठीने ‘मद्य’ किंवा ‘दारू’ हे शब्द बाजूस ठेवून हा सौम्य शब्द पत्करला, याचा परिणाम दूरगामी झाला. आंबवलेली वाइन वापरणाऱ्या आणि न आंबवलेला रस वापरणाऱ्या अशा दोन्ही परंपरांना एकच शब्द आपापल्या अर्थाने वापरता आला.

बेळगावच्या इतिहासात ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे कार्य येथे १८२० साली सुरू झाले आणि १९०४ साली ते मेथॉडिस्ट एपिस्कोपल मिशनकडे सोपविण्यात आले. मद्यपानविरोधी चळवळीचा मेथॉडिस्ट मंडळीवर खोल ठसा होता. अमेरिकेतील न्यू जर्सी येथे थॉमस वेल्च या मेथॉडिस्ट दंतवैद्याने १८६९ साली द्राक्षाचा रस तापवून, तो आंबणार नाही अशा रीतीने बाटलीत भरला, तो मुळात आपल्या मंडळीच्या प्रभुभोजनासाठीच. दुसरीकडे कॅथलिक मंडळीचा नियम असा की, वाइन नैसर्गिक, द्राक्षफळापासूनच केलेली आणि न बिघडलेली असावी. १९८३ च्या कॅनन लॉतील ९२४ व्या नियमात हेच नमूद आहे. बेळगाव धर्मप्रांताची स्थापना १९५३ साली झाली, तेव्हा या एकाच शहरात हे दोन्ही प्याले नांदत होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कन्नड पवित्र शास्त्रातही हाच शब्द आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने १९६७ साली दिलेल्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला अशी शिफारस केली. तो वाद मिटला नाही आणि २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या वादाने आमच्या मंडळीतही मने दुखावली आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. सकाळची मिस्सा मराठीत की कन्नडमध्ये, यावरून रुसवेफुगवे झालेले आम्ही पाहिले आहेत. मात्र धर्मगुरू प्याला उचलतो तेव्हा त्याच्या मुखी येणारा शब्द दोन्ही भाषांत एकच असतो. उपदेशकांनी हे आपल्या मुलांना अवश्य दाखवून द्यावे.

परदेशी पिंपापासून परवान्यापर्यंत

भारतातील वेदीवर द्राक्षारस कोठून येत असे? केरळातील संत थोमाच्या ख्रिस्ती लोकांना द्राक्षमळे उपलब्ध नव्हते. ते सुकी द्राक्षे पाण्यात भिजवून त्यांचा रस काढीत व तो वेदीवर वापरीत. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप आलेइशो दे मेनेझिस यांनी उदयंपेरूर येथे धर्मसभा भरविली, तेव्हा हा प्रश्न चर्चेस आला आणि पोर्तुगालहून येणाऱ्या वाइनवर भर देण्यात आला. म्हणजे प्रभूच्या भोजनासाठी साता समुद्रांपलीकडील पिंपाची वाट पाहावयाची, अशी व्यवस्था झाली. पुढे रोमनेही बेदाण्यापासून केलेली वाइन, तिचा रंग व चव खऱ्या वाइनची असल्यास, ग्राह्य मानली. केरळातील त्या जुन्या मंडळीने गरजेपोटी काढलेली वाट अगदीच आडवाट नव्हती, एवढे यावरून दिसते.

गोव्यातून व पुण्याकडून बेळगावच्या परिसरात आलेल्या धर्मगुरूंबरोबर हीच परदेशी वाइन आली. स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० पासून संपूर्ण राज्यात दारूबंदी आली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. धर्मविधीसाठी लागणाऱ्या वाइनला त्या कायद्यात सवलत होती. परंतु त्यासाठी सरकारी अनुज्ञा, हिशेब व नोंद यांची अट होती. जी वस्तू परमेश्वराच्या देणगीचे चिन्ह म्हणून उचलावयाची, तिचा हिशेब सरकारदरबारी द्यावयाचा, हे काहींना विचित्र वाटे. आम्हांस मात्र त्यात एक शिस्त दिसते. दारूने संसार उद्ध्वस्त होत असलेल्या समाजात वेदीवरील द्राक्षारस वेगळा, मोजका व जबाबदारीचा असलाच पाहिजे.

आजही वाइन करण्यासाठी उत्पादन-शुल्क खात्याचा परवाना लागतो. केरळातील धर्मप्रांत असे परवाने घेऊन स्वतःची मिस्सा-वाइन करतात. याचा उल्लेख एवढ्यासाठीच की, एखादा उत्साही धर्मगुरू किंवा उपदेशक घरच्या घरी बरणीत द्राक्षे आंबवून ती वेदीवर आणू पाहील, तर ते कायद्याला धरून होणार नाही आणि वाइनच्या शुद्धतेची खात्रीही देता येणार नाही. घरात नाताळासाठी केलेला गोड पदार्थ आणि वेदीवरील अर्पण यांत भेद आहे.

द्राक्षवेल आमच्या मुलखात

द्राक्षवेल दख्खनला परकी नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादेस आला, तेव्हा तेथील द्राक्षे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने नोंदविले. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपी जाते आणि वसंतात जागी होते. आमच्या उष्ण हवेत ती झोपतच नाही, म्हणून तिला कात्रीने शिस्त लावावी लागते. आपल्या बागायतदारांनी यासाठी दोन छाटण्यांची पद्धत बसविली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते व त्यातून पुढील वर्षाची काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते व त्या काडीवरील डोळ्यांतून घड बाहेर पडतात. फळ मात्र एकदाच, माघ ते चैत्र या काळात घेतात. योहानाच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायाचे विवरण करताना, फळ देणाऱ्या फाट्याचीही छाटणी का होते, हे युरोपीय भाष्यग्रंथांपेक्षा तासगावच्या शेतकऱ्याकडून अधिक चांगले कळते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात आली आणि तासगाव, मिरज, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्याचे रूप पालटले. थॉमसनमधूनच तासगावजवळील बोरगाव येथे ‘तास-ए-गणेश’ व सोलापूरजवळील नान्नज येथे ‘सोनाका’ या जाती शेतकऱ्यांनी स्वतःच्या बागेत निवडून काढल्या. प्रयोगशाळेत न जाता, आपल्या मांडवाखाली रोज फिरणाऱ्या माणसाच्या नजरेतून त्या जन्मास आल्या. हाच पट्टा राज्याची सीमा न विचारता अथणी तालुक्यात व पुढे विजापूरकडे उतरतो. माती तीच, पाऊस तितकाच अपुरा आणि टँकरने पाणी घालून वेल जगविण्याची धडपडही तीच. निपाणीच्या बाजूचे चित्र वेगळे आहे. तेथे वेदगंगा व दूधगंगा यांच्या काठची काळी जमीन तंबाखू व ऊस पिकविते. बेळगाव धर्मप्रांताच्या या उत्तर भागात द्राक्षांचा मळा आणि तंबाखूचे शेत अशी दोन शेजारी जगे आहेत.

या पट्ट्यातील पुष्कळ द्राक्षे वाइनकडे न जाता बेदाण्याकडे वळली. घड पोटॅशियम कार्बोनेट व तेलाच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर, सावलीत, सुमारे दोन आठवडे सुकवितात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. वाचकांनी येथे क्षणभर थांबून केरळातील ती भिजवलेली सुकी द्राक्षे आठवावीत. ज्या वस्तूसाठी आपले पूर्वज दूरच्या बाजारावर अवलंबून होते, ती आज आमच्या दारात वाळत आहे.

इर्जिक, पैरा आणि त्यांची मर्यादा

आता तिसऱ्या धाग्याकडे वळू. शेतीत काही कामे अशी असतात की, ती थोड्या दिवसांत उरकली नाहीत तर पीक हातचे जाते. अशा वेळी आपल्या खेड्यांत इर्जिक घालीत असत. ज्याचे काम अडले असेल तो गावाला बोलावणे देई. शेजारी आपापली औते, बैल व विळे घेऊन येत, दिवसभर गाणी म्हणत राबत आणि संध्याकाळी यजमानाच्या घरी पोटभर जेवून परत जात. मजुरी नाही, हिशेब नाही. विधवेचे शेत अशा रीतीने नांगरून दिल्याच्या आठवणी वृद्ध माणसे अजून सांगतात. कोल्हापूर-निपाणीकडे ‘पैरा’ ही दुसरी चाल आहे. आज मी तुझ्याकडे येतो, उद्या तू माझ्याकडे ये, असा श्रमाचा उसना व्यवहार. पैरा ‘फेडावा’ लागतो. कानडी मुलखात यालाच मुय्याळू म्हणतात. पुन्हा दोन भाषा आणि एकच गोष्ट.

इर्जिकीमागचा भाव आणि प्रभुभोजनामागचा भाव यांत नाते आहे, असे आम्हांस वाटते. दोन्हीकडे एकत्र श्रम किंवा एकत्र प्रार्थना आहे, दोन्हीकडे शेवटी एक पंगत आहे आणि दोन्हीकडे यजमान कोणास मोल देत नाही, तर जेऊ घालतो. धर्मशिक्षणात याचा उपयोग अवश्य व्हावा.

परंतु इतिहासकाराने गोड बाजू सांगून थांबता कामा नये. इर्जिक ही जमीन असणाऱ्यांची चाल होती. पैरा फेडायचा तर स्वतःचे शेत हवे. ज्याच्याकडे शेत नाही, तो दुसऱ्याच्या इर्जिकीस गेला तरी त्याच्या घरी इर्जिक यायची कशाला? गावकुसाबाहेरील लोकांच्या वाट्याला पुष्कळदा इर्जिकीऐवजी वेठ आली. काम तेच, ऊनही तेच, पण पंगत वेगळी. आमच्या सीमाभागातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे याच भूमिहीन समाजातून आलेली आहेत. त्यांच्या आजोबांना इर्जिकीचे गाणे आठवते आणि वेठीचा मारही आठवतो. उपदेशकाने एक सांगताना दुसरे विसरू नये.

भाकरीपासून द्राक्षापर्यंत : सहकाराची वाट

युरोपातही ही अडचण होती. जर्मनीतील वेस्टरवाल्ड या डोंगराळ भागात फ्रिडरिख विल्हेल्म रायफायझेन (१८१८–१८८८) हे एका लहान गावाचे प्रमुख होते. ते श्रद्धावान ख्रिस्ती गृहस्थ होते. १८४६–४७ च्या दुष्काळात त्यांनी गावातील सधन लोकांकडून पैसा जमवून धान्य आणविले, सामाईक भट्टीत भाकरी भाजविल्या आणि त्या गरजूंना उसन्या दिल्या. या भाकरीमंडळातून पुढे त्यांच्या पतसंस्था उभ्या राहिल्या. दान घेणारा खाली मान घालून जातो, पण सभासद मान वर करून येतो, हे त्यांना अनुभवाने कळले. त्याच काळात, त्यांच्या मुलखापासून फारसे दूर नसलेल्या आर नदीच्या खोऱ्यात, मायशोस या गावी १८६८ साली द्राक्षबागायतदार एकत्र आले. एकेकट्या शेतकऱ्याला व्यापारी सांगेल त्या भावाने माल द्यावा लागे. म्हणून त्यांनी द्राक्षे एका ठिकाणी आणून, एकाच तळघरात वाइन करून, एकाच नावाने विकण्याचे ठरविले. ही जगातील सर्वांत जुन्या सहकारी वाइनसंस्थांपैकी एक मानली जाते.

रायफायझेन यांचा विचार हिंदुस्थानात लवकरच पोचला. मद्रास प्रांतातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५–९७ च्या आपल्या अहवालात त्याचीच शिफारस केली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०५ साली कणगिनहाळ येथे देशातील पहिल्या कृषी पतसंस्थांपैकी एक संस्था निघाली. हे गाव गदगजवळ, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात आहे. संस्थेचे प्रवर्तक सिद्धनगौडा पाटील होते. म्हणजे मायशोसच्या द्राक्षकुंडाची आणि आपल्या शेजारच्या कणगिनहाळच्या हिशेबवहीची मुळे एकाच काळातील विचारात आहेत.

मराठी ख्रिस्ती समाजही यात मागे नव्हता. वसईत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने कॅथलिक सहकारी पतसंस्था सुरू झाली. तिचीच पुढे मोठी बँक झाली. सावकाराच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडविणे हे आपले पाळकीय कर्तव्य आहे, असे त्या धर्मगुरूंना वाटले. कोल्हापूर, सांगली, मिरज या भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे काम होते. त्यांच्या सांगलीतील औद्योगिक व शेतकी शाळेचे प्रमुख जॉन गोहीन यांनी शेतीचे शिक्षण फिरत्या शाळेच्या रूपाने खेड्यापाड्यांत नेले. सीमाभागात सहकार पुढे अनेक रूपांनी फोफावला. हुक्केरी येथे १९६९ साली ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाली. चिकोडी व निपाणी परिसरात सहकारी साखर कारखाने उभे राहिले.

द्राक्षाला तर सहकाराची विशेषच गरज. ऊस चार दिवस थांबतो, तंबाखू वखारीत राहते, द्राक्ष मात्र तोडल्या क्षणापासून मरू लागते. शीतगृह एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. म्हणून १९६० च्या सुमारास महाराष्ट्रात बागायतदारांचा संघ उभा राहिला व १९९१ साली निर्यातीसाठी सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ ही संस्था काढली. वाइनच्या बाबतीत नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत येथे १९८० च्या दशकात सहकारी तत्त्वावर प्रयत्न झाला. त्यापुढील वाइन-उद्योग मात्र मुख्यतः खासगी भांडवलावर वाढला. ज्यांना सहकाराचे पाठबळ नव्हते त्यांचे काय झाले, हे आमच्या निपाणीने पाहिले आहे. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी हमरस्त्यावर ठाण मांडले. ६ एप्रिल रोजी पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. शेतमालाच्या भावाचा प्रश्न केवळ बाजाराचा नसतो, तो जीवनमरणाचा असतो, ही गोष्ट तेव्हापासून या भागात कोणास सांगावी लागत नाही.

दोन नद्यांचा एक जुलै

अलीकडची एक घटना येथे सांगणे आवश्यक वाटते. २०२१ च्या जुलै महिन्यात आर नदीला अभूतपूर्व पूर आला. त्या खोऱ्यात शंभराहून अधिक माणसे दगावली आणि मायशोसच्या सहकारी संस्थेचे तळघर पाण्याने व चिखलाने भरले. हंगाम तोंडावर आला होता. द्राक्षे डोंगरउतारावर होती म्हणून वाचली, पण ती तोडण्यास व गाळण्यास हात नव्हते. तेव्हा दूरदूरच्या गावांतून स्वयंसेवक आले. ज्यांचा द्राक्षाशी कधी संबंध आला नव्हता, अशा लोकांनी चिखल उपसला व घड खुडले. चिखलाने माखलेल्या बाटल्या तशाच विकून आलेला पैसा मदतीस लावण्यात आला. दीडशे वर्षांच्या संस्थेला अखेर इर्जिकीने तारले, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

त्याच महिन्यात आमच्या वेदगंगेनेही पात्र सोडले. निपाणीजवळ यमगर्णी येथे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले व वाहतूक बंद पडली. २०१९ च्या पुराच्या जखमा तोवर भरल्या नव्हत्या. त्या दिवसांत शाळांतून, मंदिरांतून, दर्ग्यांतून व चर्चच्या सभागृहांतून माणसांनी माणसांसाठी भाकरी थापल्या. कोणी मराठी की कानडी हे विचारले नाही. इर्जिक मेली, असे आपण म्हणतो, पण ती मेलेली नाही. संकटात जागी होते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा झोपी जाते, एवढेच.

मळा कोणाचा, हात कोणाचे

आता त्या वृद्ध उपदेशकांच्या वाक्याकडे परत येऊ. समोरच्या मळ्यात आपलीच माणसे होती आणि तरी तो मळा आपला नव्हता. सहकाराने बागायतदाराला मान वर करून उभे केले, हे निर्विवाद आहे. पण सभासद होण्यास शेत लागते किंवा भागभांडवल लागते. विरळणी करणाऱ्या, घड द्रावणात बुडविणाऱ्या, बेदाण्याच्या शेडमध्ये दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया टोळीने येतात व टोळीने जातात. संस्थेच्या वार्षिक सभेत त्यांची खुर्ची नसते. जुन्या इर्जिकीची जी मर्यादा होती, तीच मर्यादा नव्या सहकारालाही आहे.

राज्यकर्त्यांच्या धोरणातही हा भेद उमटला. कर्नाटकात २००७ साली सरकारी परवान्याने विकल्या जाणाऱ्या अरकवर बंदी आली आणि त्याच वर्षी द्राक्षप्रक्रिया व वाइन यांना उत्तेजन देणारे धोरण जाहीर झाले. महाराष्ट्र सरकारने २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्यांचे हित की समाजाचे अहित, असा मोठा वाद माजला. दारूबंदीसाठी झगडलेल्या आमच्या वस्त्यांतील मायबहिणींची बाजू आम्ही जवळून ऐकली आहे. द्राक्षारस ही परमेश्वराची देणगी आहे, असे स्तोत्रकर्ता मानतो आणि त्याच्या अतिरेकाचा धिक्कार नीतिसूत्रांत आहे. दोन्ही सत्ये एकाच शास्त्रात आहेत. त्यांपैकी सोयीचे तेवढे उचलणे हे उपदेशकाचे काम नव्हे.

पवित्र शास्त्रात मळ्याविषयी जे आहे, त्यात मजुराचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. लेवीय १९ व अनुवाद २४ या अध्यायांत मळ्याच्या धन्याला बजावले आहे की, शेवटला घड खुडून घेऊ नये, तो गरीब, परका, अनाथ व विधवा यांच्यासाठी ठेवावा. हा दानधर्म नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. नाबोथाच्या मळ्याची गोष्ट (१ राजे २१) आपण राजाच्या लोभाची गोष्ट म्हणून सांगतो. आमच्या भागात ती जमीन गमावलेल्या माणसाची गोष्ट म्हणून ऐकली जाते. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात संध्याकाळी आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. कारण त्याच्याही घरी चूल पेटायची असते. चौकात कामाची वाट पाहत उभी असलेली माणसे आमच्या निपाणीत व अथणीत रोज सकाळी दिसतात. त्यांना तो दाखला समजावून सांगावा लागत नाही.

समारोप

या सर्व इतिहासावरून आम्ही पुढील निष्कर्षास येतो. आपल्या वेदीवरील प्याला कधीही एका माणसाच्या श्रमाने भरलेला नाही. तो दूरच्या पिंपातून आला, भिजविलेल्या बेदाण्यातून आला, परवान्याच्या कागदासह आला, आणि प्रत्येक वेळी अनेकांचे हात त्यामागे होते. त्या हातांना प्याल्यात वाटा आहे की नाही, हाच खरा ईश्वरविज्ञानाचा प्रश्न आहे. संत पौलाने करिंथच्या मंडळीला जो दोष दिला तो द्राक्षारसाच्या प्रतीचा नव्हता. एक जण भरपेट जेवतो आणि दुसरा उपाशी राहतो, हा तो दोष होता.

सीमाभागातील मंडळीने उद्या स्वतःची मिस्सा-वाइन करावी काय? धर्मप्रांताच्या अनुमतीने, कायदेशीर परवान्याने आणि जाणकारांच्या देखरेखीखाली ते अशक्य नाही. पण आमच्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा : त्या कामात भूमिहीन मजूर सभासद म्हणून येईल की टोळीतला हात म्हणून? धर्मग्रामातील बचतगट, पतसंस्था व स्त्रियांची मंडळे यांतून त्याला आधी सभासद करता आले, तर वाइन कोणाच्या मळ्यातून येते ही गोष्ट गौण ठरेल. तसे न करता आपण केवळ आपल्या नावाची बाटली तयार केली, तर वेदीवर आणखी एक बाटली येईल, एवढेच.

तोवर प्रत्येक धर्मगुरू व उपदेशक एक गोष्ट सहज करू शकेल. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला म्हणजे माघ-चैत्रातील एखाद्या रविवारी अर्पणाच्या वेळी मळ्यात राबणाऱ्या एका कुटुंबाने वाइन व पाणी वेदीपर्यंत आणावे. धर्मगुरूने ते त्यांच्या हातून घ्यावे आणि त्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी. त्या वृद्ध उपदेशकांच्या वस्तीवर आम्ही पुढल्या वर्षी असेच केले. बाटली बेळगावहूनच आली होती. ती पुढे आणणाऱ्या बाईच्या बोटांवर द्राक्षांच्या चिकाचे काळे डाग होते. मिस्सानंतर उपदेशक काही बोलले नाहीत. त्यांनी आम्हांस बेदाण्याची एक पुडी दिली आणि ते मळ्याच्या वाटेला लागले.